उरेल ती माझी

फार पूर्वी, मुंग्या घोळक्याने चालायच्या तेव्हाची गोष्ट. जुनं वारूळ सोडून दहा हजार सात मुंग्या नव्या घराकडे निघाल्या. वाटेत एक वठलेली चिंच होती. तिच्या ढोलीतून गार आवाज आला, "सारख्या ओळी करून जा. उरेल ती माझी."

"दहा-दहाच्या ओळी करा गं!" म्होरकी ओरडली. सात उरल्या. तीन-तीनच्या केल्या, तर दोन उरल्या. काहीही करा, कुणी ना कुणी उरेच, आणि त्यात मागे पडणारी लंगडी चिंगी असायचीच.

"जाऊ दे तिला," एक कुजबुजली. "नाहीतरी पाय ओढतच चालते मेली."

चिंगीची थोरली बहीण तडकली, "मग तूच जा की ढोलीत! आपले सारखे वाटे पडतच नाहीत, तर पाडायचे कशाला? एकेकीचीच ओळ करू."

मुंग्या एकामागून एक निघाल्या. ढोली मोजत राहिली. सगळ्यांत शेवटी चिंगी गेली.

"दहा हजार सात," आवाज म्हणाला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

तेवढ्यात चिंगीच्या मागून, अगदी जवळून, तोच आवाज हळूच म्हणाला, "दहा हजार आठ."

तेव्हापासून मुंग्या एका ओळीत चालतात, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकीचं तोंड चाचपून बघतात.