टिकली माशी आणि तेरड्याचा मध

एक होती माशी. मधमाशी.
केवढीशी? टिकलीएवढी!
म्हणून तिचं नाव टिकली.

टिकली राहायची सुलूकाकूंच्या घरामागे. भिंतीतल्या भोकात. भोकात होतं मेणाचं घर. घरात होती बाळं. पांढरी पांढरी, मऊ मऊ. त्यांना पाय नव्हते. त्यांना पंख नव्हते. त्यांना होतं फक्त तोंड!

रोज सकाळी टिकली उठायची. पंख झटकायची.
गुं गुं गुं... भुर्रर्र!
दाराशीच होता तेरडा. तेरड्याला होतं फूल. काय ते फूल! गुलाबी गुलाबी, झालरीच्या फ्रॉकसारखं.
टुप्! टिकली बसायची पाकळीवर.
फूल द्यायचं मध. टिकली न्यायची घरी. बाळं चाटायची. चट् चट् चट्!

मग काय झालं? ऊन तापलं. आज तापलं, उद्या तापलं, रोज तापलं. बाग सगळी सुकून गेली.

एका सकाळी टिकली आली. टुप्! पाकळीवर बसली.
अगं बाई! फुलाची मान खाली. पाकळ्यांना सुरकुत्या.
आणि मध? थेंबसुद्धा नाही!

घरी बाळं रडायला लागली. कुईं कुईं कुईं!

टिकली म्हणाली, "फुला फुला, मध दे ना. माझी बाळं भुकेली."

फूल म्हणालं, "मी नाही मध देणार. माझाच घसा कोरडा. आधी मुळाला सांग. मूळ पाणी ओढेल, तर मी मध देईन."

टिकली निघाली. गुं गुं गुं... भुर्रर्र!

तेरड्याच्या बुंध्याशी जमिनीला भेग पडली होती. भेगेत दिसत होतं मूळ. टुप्! टिकली बसली भेगेच्या काठावर.

"मूळदादा, मूळदादा, ऐक ना!
फूल मध देईना,
बाळं रडायची थांबेनात!
तू तरी पाणी ओढ ना!"

मूळ म्हणालं, "मी नाही पाणी ओढणार. माती बघ कशी, दगडासारखी! पुढे जायला गेलो, तर नाकच ठेचलं माझं. आधी मातीला सांग. माती मऊ होईल, तर मी पाणी ओढेन."

टिकली निघाली. गुं गुं गुं... भुर्रर्र!

टुप्! बसली मातीवर. पाय पोळले. एक पाय वर, एक पाय खाली.

"मातीमाय, मातीमाय, ऐक ना!
मूळ पाणी ओढेना,
फूल मध देईना,
बाळं रडायची थांबेनात!
तू तरी मऊ हो ना!"

माती म्हणाली, "मी नाही मऊ होणार. माझं अंग आखडलंय गं. आधी गांडूळमामाला सांग. तो येतो, इकडून तिकडे जातो, तेव्हा कसं मोकळं मोकळं वाटतं! गांडूळ वर येईल, तर मी मऊ होईन."

आता गांडूळमामाला कुठे शोधायचं? टिकलीनं मातीवर डोकं आपटलं.
टक् टक् टक्!
"कोण आहे?" खोल खोल खालून आवाज आला.

"गांडूळमामा, गांडूळमामा, ऐक ना!
माती मऊ होईना,
मूळ पाणी ओढेना,
फूल मध देईना,
बाळं रडायची थांबेनात!
तू तरी वर ये ना!"

"वर? छे छे छे!" गांडूळ म्हणाला. "मी नाही वर येणार. वर आहे ऊन! माझं अंग ओलं ओलं, गुळगुळीत. उन्हात आलो तर माझी होईल वाळकी सुतळी! आधी पाचोळ्याला सांग. पाचोळा पसरेल, मला सावली होईल, तर मी वर येईन."

टिकली निघाली. गुं गुं गुं... भुर्रर्र!

बागेच्या कोपऱ्यात होतं एक पोतं. पोत्यात होता पाचोळा. आंब्याची पानं, पेरूची पानं, बदामाची लाल लाल पानं. टुप्! टिकली बसली पोत्यावर.

"पाचोळ्या, पाचोळ्या, ऐक ना!
गांडूळ वर येईना,
माती मऊ होईना,
मूळ पाणी ओढेना,
फूल मध देईना,
बाळं रडायची थांबेनात!
तू तरी पसर ना!"

सळ सळ सळ! पोत्यातून आवाज आला. "मी नाही पसरणार. कसा पसरू? मला कोंडलंय पोत्यात. पोत्याचं तोंड बांधलंय. आधी सुलूकाकूंना सांग. काकू पोतं सोडतील, तर मी पसरेन."

टिकली निघाली. गुं गुं गुं... भुर्रर्र!

सुलूकाकू बसल्या होत्या मागच्या पायरीवर. गवार मोडत होत्या. टक्, टक्, टक्. पण तोंड मात्र हिरमुसलेलं. शेजारी उभे होते विष्णूकाका. काकांच्या हातात काडेपेटी!

काका म्हणाले, "सुलू, तो पाचोळा पेटवून टाकू का?"

काकू म्हणाल्या, "टाका पेटवून. नाही तरी आता कसली बाग आणि कसलं काय!"

बाप रे! टिकली भुर्रकन उडाली. ती काकूंच्या कानाशी गेली. गुं गुं गुं! गुं गुं गुं!

"माशी गं, माशी!" काकांनी पंचा उगारला.

"थांबा हो," काकू म्हणाल्या. "मारू नका. काहीतरी सांगतेय बिचारी."

"काकू, काकू, ऐका ना!
पाचोळा पसरेना,
गांडूळ वर येईना,
माती मऊ होईना,
मूळ पाणी ओढेना,
फूल मध देईना,
बाळं रडायची थांबेनात!
तुम्ही तरी पोतं सोडा ना!"

काकूंनी गवारीचं ताट खाली ठेवलं.

"मी नाही गं पोतं सोडणार," काकू म्हणाल्या. "माझं मनच उडालंय या बागेवरून. ती बघ तिकडे भोपळ्याची वेल. मी बी लावलं. शेणखत घातलं. रोज झारीभर पाणी घातलं. लेकरासारखं जपलं. वेल चढली मांडवावर. फुलं आली, आणि गळून गेली. पुन्हा आली, पुन्हा गळून गेली. भोपळा एक नाही! वेल भोपळा धरेल, तर मी पोतं सोडेन. आज बघेन, उद्या बघेन. परवा सकाळी पोतं पेटवेन."

टिकली निघाली. गुं गुं गुं... भुर्रर्र!

वेल होती लांब. बागेच्या पार त्या टोकाला. टिकली तिकडे कधीच गेली नव्हती. उडाली, दमली. पुन्हा उडाली. आणि एकदम थांबली.

अहाहा!

केवढी ती फुलं! पिवळी पिवळी, पेल्यांसारखी मोठी. सकाळच्या उन्हात नुसती झळकत होती. एका फुलात शंभर टिकल्या मावल्या असत्या!

टुप्! टिकली बसली फुलाच्या काठावर.

"वेलताई, वेलताई, ऐक ना!
काकू पोतं सोडेनात,
पाचोळा पसरेना,
गांडूळ वर येईना,
माती मऊ होईना,
मूळ पाणी ओढेना,
फूल मध देईना,
बाळं रडायची थांबेनात!
तू तरी भोपळा धर ना!"

वेल म्हणाली, "मलाही भोपळा हवाय गं. पण मला नाही जमत. हे बघ, हे माझं एक फूल. याच्यात आहे पिवळी पिवळी पूड. आणि ते बघ माझं दुसरं फूल. त्याच्याखाली काय आहे?"

टिकलीनं वाकून पाहिलं. फुलाखाली होता एक भोपळा! एवढासा, सुपारीएवढा!

"तो माझा बाळभोपळा," वेल म्हणाली. "या फुलातली पूड त्या फुलात जाईल, तर बाळभोपळा मोठा होईल. नाहीतर पिवळा पडेल, गळून जाईल. पण पूड नेणार कोण? मला पाय नाहीत. मला पंख नाहीत."

टिकलीनं एक पाय उचलला. पायाकडे पाहिलं.
तिनं मान वळवली. पंखाकडे पाहिलं.

"पाय?" टिकली ओरडली. "मला आहेत की! पंख? मला आहेत की!"

आणि शिरली ती फुलात! आत गेली, गोल गोल फिरली. डोक्याला पूड, पोटाला पूड, सगळ्या पायांना पूड. बाहेर आली ती कशी? हळद लागलेल्या नवरीसारखी, पिवळीधमक!

गुं गुं गुं... पण भुर्रर्र काही होईना. पूड झाली जड. टिकली गेली खाली, खाली, आणि आपटली पानावर. थप्!

"जाऊ दे गं," वेल म्हणाली. "लागलं का?"

"नाही लागलं," टिकली म्हणाली. तिनं पंख झटकले. दम घेतला. गुं गुं गुं... भुर्रर्र!

टुप्! बसली दुसऱ्या फुलात. आत गेली, गोल गोल फिरली. डोक्याची पूड सांडली, पोटाची पूड सांडली, पायांची पूड सांडली.

वेलीच्या अंगावर शहारा आला. "शाब्बास गं टिकले! शाब्बास! हा घे, फुलाच्या तळाशी मध आहे. उन्हामुळे थेंबभरच उरलाय. पण आहे तो तुझा."

थेंबभर तर थेंबभर! टिकलीनं तो घरी नेला. प्रत्येक बाळानं एकदाच चाटलं. चट्! पोट काही भरलं नाही. पण जरा धीर आला.

उद्याची सकाळ झाली. टिकली पुन्हा वेलीवर. या फुलातून त्या फुलात, त्या फुलातून या फुलात. गुं गुं गुं!

परवाची सकाळ झाली. विष्णूकाका आले. हातात काडेपेटी. काका चालले पोत्याकडे. काकू गेल्या वेलीकडे, शेवटचं एकदा बघायला.

आणि काकू ओरडल्या, "अहो! अहो, इकडे या! लवकर या!"

काका धावत आले. "काय झालं? साप का?"

"साप कसला! हे बघा!"

पानाखाली होता भोपळा. परवा होता सुपारीएवढा. आज लिंबाएवढा! हिरवागार, तुकतुकीत. आणि वरच्या फुलात कोण? पिवळीधमक टिकली!

काका बघतच राहिले. काकू बघतच राहिल्या.

मग काका हळूच म्हणाले, "हिनं केलं हे? एवढ्याशा माशीनं?"

"मी हिला म्हटलं होतं, भोपळा धरला तर पोतं सोडेन," काकू म्हणाल्या. "ठेवा ती काडेपेटी स्वयंपाकघरात. आणि झारी भरून आणा!"

मग काय झालं?

वेलीनं भोपळा धरला, गोल गोल!
काकूंनी पोतं सोडलं, सुर्रर्र!
पाचोळा पसरला, सळ सळ सळ!
काकांनी वरून पाणी घातलं, झर झर झर!
गांडूळ वर आला, वळ वळ वळ!
माती मऊ झाली, भुस भुस भुस!
मुळानं पाणी ओढलं, घट घट घट!
फुलानं मान वर केली. पाकळ्या पसरल्या. गुलाबी गुलाबी झालर!

फूल म्हणालं, "टिकले, ये. हा घे तुझा मध."

टुप्! टिकली पाकळीवर बसली. मध घेतला. भरपूर घेतला. घरी नेला.
बाळं रडायची थांबली! चट् चट् चट्! चट् चट् चट्! चाटली चाटली, आणि पोट टम्म करून गाढ झोपली.

काकूंना आता बागेतून घरात यायला वेळच होईना. त्यांनी झेंडू लावला. सब्जा लावला. कुंपणापाशी सूर्यफुलं लावली, ती काकांच्या डोक्याच्याही वर गेली. एका ताटलीत पाणी ठेवलं. पाण्यात खडे ठेवले, माश्यांना बसून पाणी पिता यावं म्हणून. मग कोण कोण आलं! काळा भुंगा आला, भों भों भों. फुलपाखरं आली, निळी, पांढरी, ठिपक्यांची. काका रोज खुर्ची टाकून बघत बसायचे. चहा गार व्हायचा, तरी बघत बसायचे.

आणि एका सकाळी भिंतीतल्या भोकातून एक डोकं बाहेर आलं.
मग दुसरं डोकं. मग तिसरं.
बाळं मोठी झाली होती! त्यांना पाय आले होते. त्यांना पंख आले होते.
टिकली पुढे, बाळं मागे.

काका नेमके वाटेत उभे.

"अहो, सरका की!" काकू म्हणाल्या. "वाट द्या. पोरं पहिल्यांदाच कामाला निघालीत."

काका सरकले. भिंतीला पाठ लावून अगदी चिकटून उभे राहिले.

गुं गुं गुं... गुं गुं गुं... गुं गुं गुं...
भुर्रर्र!

गोष्ट बसली फुलावर,
मध तुमच्या जिभेवर!