सात भोंग्यांची जीप

गाड्या आपल्या मर्जीने चालत आणि एकमेकींशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. धुक्याच्या घाटात एक आंधळं वळण होतं. वर गेलेल्या गाडीने पुढच्या रस्त्याची खबर खाली ओरडून सांगायची, आणि तीन आवाजांनी एकच सांगितलं की खालच्यांनी ते मानायचं, अशी तिथली रीत होती.

एका सकाळी गुंडू टेम्पो टोमॅटो घेऊन बाजाराला निघाला होता. वळणापाशी येतो तोच वरून आवाज आला, "दरड कोसळलीय! मागे फिरा!" मग दुसरा, तिसरा, चक्क सातवा! एक भसाडा, एक किनरा, एक तर थेट सनईसारखा. ट्रक आणि बस मुकाट्याने वळू लागले. गुंडूही वळणार, तेवढ्यात त्याच्या मनात आलं, सातजण एवढे घाबरलेत, तरी कुणीच कुणाच्या बोलण्यात घुसत कसं नाही?

"अहो मंडळी," तो ओरडला, "सगळे एकदम ओरडा बघू!"

 वरून पोंपों, पीपी, टॅंटॅं असा एकच कल्लोळ उठला आणि लगेच फुस्स झाला.

गुंडू वर जाऊन बघतो तर रस्ता लख्ख मोकळा! कडेला टोमॅटोने भरलेली एकच जीप, टपावर सात भोंगे आणि बॅटरी उतरलेली.

"दादा, जरा धक्का मारा ना," जीप कण्हत म्हणाली.

"तुम्ही सातजण आहात ना, बाई?" गुंडू पुढे निघत म्हणाला. "मारा की आळीपाळीने!"