मोहरबंद पेटी

"पेटी रोज वापरायची, पण तिची मोहर तुटता कामा नये!"

वेळणगडच्या महाराजांनी हुकूम सोडला आणि दरबारानं माना डोलावल्या. दरबाराला दुसरं काम होतं कुठे!

पेटी थेट विलायतेहून आलेली. लहान मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी तिच्यात चित्रं, बाहुल्या, लाकडी प्राणी असं बरंच काही होतं म्हणे. पोरांचे हात लागून हे सगळं मळेल, या धास्तीनं महाराजांनी पेटीला स्वतः कुलूप घातलं आणि वर लाखेची मोहर ठोकली. झालं, शिक्षणाची सोय झाली!

"महिन्याभरात पहिलीची पोरं माझ्याशी इंग्रजीत बोलली पाहिजेत," महाराज म्हणाले. "नाहीतर शाळा बंद. तिथं आमचे घोडे बांधू."

"घोडे बरे," दिवाण त्र्यंबकराव म्हणाले. "त्यांना हात तरी नसतात."

शाळेची मास्तरीण अंबू म्हणजे कुंभाराची लेक, मिशनच्या मडमेकडे इंग्रजी शिकलेली. शाळा गेली तर आपली बावीस पोरं पुन्हा गुरांमागे जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती हात जोडून एवढंच म्हणाली, "जशी आज्ञा. पेटी शाळेत पाठवा."

महिना सरला. महाराज शाळेत आले. त्र्यंबकरावांनी भिंग लावून मोहर तपासली. शाबूत! बिचाऱ्यांचा चेहराच पडला.

महाराज पेटीशेजारी बसतात न बसतात तोच पोरांनी त्यांना घेरलं.

"व्हॉट इज इन द बॉक्स?" सखू ओरडली.

"इज इट अ कॅट?"

"नो," महाराज ऐटीत म्हणाले.

"इज इट अ बिग रेड बॉल?"

"नो... येस... थांबा रे!"

"इज द मंकी ऑन द हॉर्स?"

महाराजांना घाम फुटला. आत काय आहे ते त्यांना तरी कुठे आठवत होतं!

"महाराज, ही फसवणूक आहे!" त्र्यंबकराव कडाडले. "हिनं आतली एकही वस्तू वापरलेली नाही!"

"कोणत्या वस्तू, दिवाणसाहेब? नावं सांगा ना," अंबू म्हणाली.

त्र्यंबकराव छताकडे पाहू लागले. अंबू महाराजांकडे वळली. "मी बंद पेटीच वापरली, महाराज. आत काय असेल, हे पोरं रोज विचारायची. इंग्रजीत विचारलं तरच मी बोलायची."

"प्लीज, ओपन द बॉक्स!" बावीस पोरं एका सुरात ओरडली.

महाराजांनी पेटीकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, खिशातून किल्ली काढली आणि खाडकन मोहर फोडली!

"महाराज! मोहर!" त्र्यंबकराव किंचाळले.

"बावीस पोरांनी ती महिनाभर जपली," अंबू शांतपणे म्हणाली. "महाराजांना घटकाभरही धीर धरवला नाही!"

त्र्यंबकरावांनी कपाळाला हात लावला. महाराज मात्र असे खदाखदा हसले की फेटा कानावर आला.

"हरलो, बाई!" त्यांनी किल्ली अंबूच्या हातात ठेवली. "शाळा राहिली आणि पेटीही तुझी. पोरांना मनसोक्त खेळू दे. फाटलं, मोडलं की दुसरी मागव!"