शिवी आल्याशिवाय चूल नाही

शेवतळ्याला पहिल्यांदा आलेल्या माणसाला एक बारीकशी गोष्ट खटकते. इस्टरनंतरचा सोमवार असतो. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या त्या जुन्या गोड्या तळ्याच्या काठी तीन वाटा एकत्र मिळतात. तिथल्या काळ्या चपट्या दगडावर चर्चमधून आलेले तांदूळ ठेवलेले असतात. शेजारी दर्ग्याच्या पाणपोईतून आलेल्या पाण्याच्या घागरी. समोरच्या काठाला, केळीआड, देवळाच्या अन्नछत्राचा भलामोठा हंडा चुलीवर चढलेला, खाली लाकडं रचलेली. तिन्ही वाड्यांची माणसं जमलेली असतात. मुलं भुकेनं कुरकुरतात, उन्हं डोक्यावर येतात, आणि काडी कोणी ओढत नाही. आचारी काड्यापेटी मुठीत धरून बसून राहतो. काय झालं म्हणून विचारलं तर शेजारचा माणूस अगदी सहज सांगतो, "थांबा हो, अजून शिवी कुठे आलीय?"

पाहुणा गोंधळतो. मग कोणीतरी त्याला वाडीतल्या म्हाताऱ्या मोनूआजीकडे नेतं. मोनूआजी ही गोष्ट दगडाकडे पाठ करूनच सांगते. तोंड करून सांगायची नसते, म्हणे.

फार जुनी गोष्ट. तेव्हाही शेवतळ्यात चर्चची, देवळाची आणि दर्ग्याची अशा तीन वाड्या होत्या आणि तिघींचं एकमेकींशी उभं वैर होतं. बावखल कोणाचं यावरून आज्यापणज्यांपासून डोकी फुटत आली होती. चर्चची मिरवणूक निघाली की देवळात मुद्दाम झांजा वाजत. देवळात भजन बसलं की चर्चची घंटा जरा जास्तच वेळ हलायची. दर्ग्याची वाडी दोघांनाही ऐकू जाईल अशा बेतानं हसायची. देवळाचं अन्नछत्र वाटसरूला जेवू घालायचं, दर्ग्याची पाणपोई तहानलेल्याला पाणी द्यायची, चर्चच्या कोठारातून गरिबाला तांदूळ मिळायचे. पुण्य तिन्हीकडे चालायचं, पण आपापल्या कुंपणाच्या आत.

त्या वर्षी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. आधी मिठागरांत शिरली. तिथले मजूर घाटावरून आलेले, त्यांना ना घर ना दार. मालकांनी त्यांना रस्त्यावर काढलं. म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी चर्चच्या अंगणात मांडव घातला आणि तेवीस आजारी माणसं त्याखाली आणून निजवली. त्यांना मिठाची पातळ पेज आणि उकळलेलं पाणी लागायचं, दिवसातून कितीदा तरी. चर्चकडे तांदूळ होते, पण एवढी पेज शिजेल असं भांडं नव्हतं, चर्चची विहीर खारट झालेली, आणि बावखल तर भांडणातलं. तेव्हा पाद्रीबाबा काठी टेकत आधी दर्ग्यात गेले, मग देवळात.

पाणपोईचे फत्तूचाचा म्हणाले, "पाणी देतो. पण बाटलं असं कोणाच्या तोंडून निघालं, तर घागर तिथेच फोडीन."

अन्नछत्र द्वारकाबायच्या हाताखाली चालायचं. बाई सत्तरीच्या पुढची, आवाज असा की केळीचं पान फाटावं. ती म्हणाली, "तांदूळ तुमचे, पाणी त्यांचं, हात माझे. पण तुमच्यातल्या कोणी माझ्याशी बोलायचं नाही, माझ्याकडे बघायचं नाही, माझ्या चुलीच्या वाटेवर पाऊल घालायचं नाही. घातलंत की हंडा पालथा. मग बसा तुमच्या घंटेचं सूप करून."

असा तो करार झाला. त्यात प्रेमाचा थेंबही नव्हता, असं सांगतात.

रीत ठरली ती अशी. सकाळी चर्चच्या माणसानं दगडावर तांदूळ ठेवायचे आणि चार पावलं मागे जाऊन पाठ फिरवून उभं राहायचं. फत्तूचाचांनी घागरी ठेवायच्या आणि त्यांनीही आपल्या वाटेवर पाठ फिरवायची. मग द्वारकाबायनं दोन सुना घेऊन यायचं आणि सगळं उचलून न्यायचं. दुपारी पेजेचा हंडा त्याच दगडावर यायचा. मागे काय चाललंय ते फक्त कानांनी ओळखायचं.

तांदूळ ठेवायचं काम रेमेतकडे आलं. रेमेत विणकर इनासची मुलगी, मिशनच्या शाळेत शिकलेली, आणि इतकी घाबरट की पानावरून पाल पडली तरी तिच्या हातातली घागर सुटायची. तिला निवडलं कोणी नाही. बाकीच्यांनी नकार दिला म्हणून ती उरली. मांडवातल्या सोनी नावाच्या मिठागरवालीला चमचा चमचा पेज भरवायचं कामही तिचंच. सोनीला बोलायचं त्राण नव्हतं. दुपारी हंडा आला की ती नुसते डोळे उघडायची, आणि तेवढ्यावरून रेमेत ओळखायची की आजचा दिवस निघाला.

पाठ फिरवून उभी असताना रेमेतला रोज मागून शिव्या ऐकू येत. कोणाला उद्देशून नव्हे, कारण बोलायचं नाही असं ठरलेलं. द्वारकाबाय हवेला शिव्या द्यायची. "तांदूळ आहेत की खडे? निवडणारीचे डोळे काय भाड्यानं दिलेत?" रेमेत दचकायची. "पोतं बांधलंय की मढं? गाठ मारायलाही आईनं शिकवलं नाही वाटतं." रेमेतच्या डोळ्यांत पाणी यायचं. घरी जाऊन ती रात्री दुसऱ्या दिवशीच्या तांदळातला खडान् खडा वेचायची, गाठ दोनदा सोडून पुन्हा मारायची, तरी सकाळी नवीन काहीतरी निघायचंच. त्या बाईचा आवाज एकदाचा बंद पडू दे, असं ती मनातल्या मनात मागायची, म्हणे.

सतराव्या दिवशी, इस्टरनंतरच्या सोमवारी, आवाज आला नाही.

रेमेतनं तांदूळ ठेवले, पाठ फिरवली. मागे घागरी टेकल्याचा आवाज झाला, फत्तूचाचांचा खोकला झाला. मग काहीच नाही. आधी तिला बरं वाटलं. मग मानेवरून घाम उतरू लागला. ऊन पायाच्या नखांवरून गुडघ्यापर्यंत चढलं, तरी मागे पावलं वाजेनात. बघायचं तर नव्हतं. ती उभी राहिली.

चर्चच्या वाटेनं बस्त्याव आला. केळीच्या बागांचा मालक, करार झाला त्या दिवसापासून दात खाऊन होता. त्याच्यामागे आणखी चारपाच जण. त्यांनी लांबूनच दगड पाहिला.

"पडलेत ना तांदूळ तसेच? मी काय म्हणत होतो? सोडलं त्यांनी! आपल्या माणसांना बरं नाही म्हटल्यावर कोण कोणाचं?"

"आपली माणसं नाहीत ती," रेमेत म्हणाली. "मिठागरातली आहेत."

"मग तर आणखीच चांगलं. उचल ते पोतं. तांदूळ वाडीत वाटू आणि मांडव सोडू. पाद्रीबाबाही तापानं पडलेत, आता विचारायचं कोणाला?"

रेमेतला कळलं की पोतं एकदा दगडावरून उचललं की पुन्हा ठेवलं जाणार नाही. आणि दुपारी सोनी डोळे उघडेल, तेव्हा मांडवात हंडा नसेल.

"सुना तरी येतील," ती कशीबशी म्हणाली.

तेवढ्यात पाठमोरेच फत्तूचाचा बोलले. "पोरी, तुमचे तांदूळ आलेत?"

"केव्हाचे आलेत, चाचा! तुम्हाला दिसत नाहीत?"

"दिसतील कसे? पाठ फिरवायची म्हणून फिरवलीय. मला वाटलं तुम्हीच आज नागा केलात, म्हणून ती येत नाही. सकाळपासून तुमच्या नावानं बोटं मोडतोय."

बस्त्याव खदखदून हसला. रेमेतनं मात्र पलीकडच्या काठाचा विचार केला. इथे दोघं एकमेकांवर चिडून उभी होती, तर पलीकडेही कोणी असंच चिडून बसलं असेल. कदाचित बसलेलं नसेलही. आडवं असेल.

जावं तर हंडा पालथा. बोललं तर हंडा पालथा. नाही बोललं तर हंडा येणारच नाही.

ती वळली. सतरा दिवसांत पहिल्यांदा तिनं समोरच्या काठाकडे तोंड केलं. केळीमागून धूर येत होता, अगदी बारीक, सुतासारखा.

"ए, ए! करार मोडतेस!" बस्त्याव ओरडला. "मग ती बाई सांगेल गावभर, चर्चनं शब्द पाळला नाही म्हणून!"

रेमेतनं पहिली हाक मारली ती तिच्याच ओठांपलीकडे गेली नाही. दुसरी पाण्यापर्यंत पोचली. "द्वारकाबाय!" दोन बगळे उडाले. पलीकडून काही नाही.

"झालं समाधान?" बस्त्याव म्हणाला आणि पोत्याला हात घातला.

तेव्हा त्या भित्र्या पोरीला काय झालं कोणास ठाऊक. तिनं पोत्यावर दोन्ही पाय रोवले, कमरेवर हात ठेवले, आणि सोळा सकाळी जे जे ऐकून रडली होती ते सगळं एका दमात बावखलापार फेकलं, असं सांगतात. "अहो द्वारकाबाय! हात मोडले का तुमचे? का जीभ गहाण ठेवलीत? तांदूळ दगडावर वाळत पडलेत, आणि म्हातारी लोळतेय खुशाल! चुलीला आईनं फुंकर घालायला शिकवलं नाही वाटतं!"

बस्त्यावच्या हातातून पोतं सुटलं. फत्तूचाचा गर्रकन वळले. पाठ फिरवायची आहे हे तेही विसरले. पाणी स्तब्ध.

आजही त्या सोमवारी चर्चच्या वाडीतली सगळ्यात घाबरट मुलगी निवडून दगडावर उभी करतात. पहिल्या दोन हाकांना पलीकडून कोणी उत्तर देत नाही. तिसऱ्या हाकेत तिला शिवी घालावीच लागते. आजही त्यानंतर तिन्ही वाड्या तशाच गप्प राहतात, आणि पलीकडच्या काठावर बसलेली अन्नछत्रातली सर्वांत म्हातारी बाई त्यांना बराच वेळ ताटकळत ठेवते. मग ती केळीआडून त्या दिवशीचेच शब्द उच्चारते. एक अक्षर बदललेलं चालत नाही. ते ऐकल्यावरच आचारी काडी ओढतो.

त्या दिवशी, ऊन कमरेपर्यंत आलं तेव्हा, केळीच्या मागून खरवडल्यासारखा, चिरका, पण ओळखीचा आवाज आला, म्हणे:

"कोण ती कावळी कोकलतेय? मेले नाही मी अजून! मलाच पटकी लागलीय पहाटेपासून, आणि त्या दोन्ही भवान्या माहेरी पळाल्यात. मला वाटलं तुम्हीही पळालात, भित्र्यांनो! जमिनीवर पडून चूल धरून ठेवलीय इथे, आणि तू तिकडे उभी काय राहतेस, सटवे? पोतं घे, त्या म्हाताऱ्याच्या घागरी घे, आणि ये माझ्या चुलीपाशी!"