दारामागे एक टोपली

नदीकाठच्या एका गावात एक गडगंज श्रीमंत शेठ होता, पण त्याच्या घशाखाली सुखाचा घास काही उतरत नसे. ताटात पक्वान्नं आणि कान नदीकडे! गाव होतं सखल भागात. नदी आणि गाव यांच्या मधे मातीचा एक बांध, तेवढाच काय तो आधार.

दर उन्हाळ्यात बांधाची डागडुजी करावी लागे. त्यासाठी गावाची जुनी रीत होती: प्रत्येक दारामागे रोज एक टोपली माती. दार झोपडीचं असो की हवेलीचं, टोपली एकच. रीत पडली तेव्हा सगळ्यांची घरं सारखीच होती, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

पुढे शेठची भरभराट झाली. त्याने शेजारचं घर घेतलं, मग त्याच्या पलीकडचं, मग अख्खी आळीच. जुनी दारं बुजवली आणि सगळ्याला मिळून एकच भलंमोठं दार ठेवलं. घरं विकलेली माणसं गावाच्या टोकाला दाटीवाटीने राहू लागली. दारं घटली तशा टोपल्या घटल्या आणि बांध झिजत चालला.

एके दिवशी पाटील आले. "शेठ, आम्ही दोन-दोन टोपल्या टाकतोय, तरी पुरत नाही. यापुढे ज्याचं जेवढं असेल, त्याच्या तेवढ्या टोपल्या, असं ठरवू या."

शेठ लगेच म्हणाला, "माझी टोपली कधी चुकली आहे का, पाटील?"

"नाही."

"मग कष्टाने मिळवलं म्हणून मलाच दंड? आज माती मागताय, उद्या घर मागाल!"

"दंड कसला? बांध फुटला तर सगळ्यात जास्त कुणाचं जाईल, तेवढं बघा."

हे मात्र शेठच्या मनात रुतून बसलं. पण भीतीने अक्कल भलतीकडेच धावली. त्याने स्वतःच्या घराभोवती उंच भिंत घालायला काढली. मजुरी दुप्पट देऊ केली. गावातले गडी भिंतीच्या कामावर गेले आणि बांधावर चिटपाखरू दिसेना.

आषाढात नदी फुगली. बायापोरांसकट सगळा गाव बांधावर माती लोटत होता. शेठ गच्चीवरून बघत होता.

"अहो, आपले गडी पाठवा ना! गाड्या पाठवा!" बायको रडकुंडीला आली.

"पाठवतो गं... पण आज दिलं की दरसाल द्यावं लागेल."

तो असा घुटमळत असतानाच बांध फुटला. लोक पोरं कडेवर घेऊन टेकडीवर पळाले. पाणी भिंतीला भिडलं, चढलं आणि वरून आत कोसळलं.

पूर ओसरला, तसं गावातलं पाणी निघून गेलं. शेठच्या भिंतीआतलं मात्र जागचं हललं नाही. दार गाळात रुतलेलं, धान्याची कोठारं कुजत चाललेली, आणि गच्चीवर उपाशी नवराबायको हाका मारताहेत. शेवटी गावकऱ्यांनीच कुदळी आणून भिंत फोडली. भगदाडातून शेठची सगळी कमाई चिखल होऊन वाहत गेली.

शेठ बाहेर आला. "पाटील, किती टोपल्या आणू? सांगाल तितक्या आणतो."

पाटलांनी उद्ध्वस्त काठाकडे बघितलं. "तेव्हा नुसती डागडुजी होती, शेठ. आता अख्खा बांध घालायचाय."

तात्पर्य: गाव राखतं म्हणून संपत्ती टिकते, तेव्हा ज्याची संपत्ती मोठी, त्याचा वाटाही मोठा असावा, आणि तो बांध शाबूत आहे तोवरच द्यावा.