गुंजांची ओळ

त्या रानात कोणतेही गाणे निकाल लागल्याशिवाय गायले जात नसे. फार पूर्वी एका पाखराने न संपणारे गाणे सुरू केले आणि अन्नपाणी विसरून गातागाताच ते फांदीवरून खाली पडले. तेव्हापासून ही रीत पडली. गाणे आधी खडकावर लाल-पांढऱ्या गुंजांच्या ओळीत मांडायचे. कुठला सूर, कुठे थांबायचे, कुठून मागे वळायचे, सारे गुंजा सांगत. मग धनेश पक्षी त्या ओळीच्या कडेने चाले, ठरल्या क्रमाने चोचीचे ठोके देई आणि शेवटी म्हणे, "संपेल," किंवा, "संपणार नाही."

'संपणार नाही' असे ठरले की गाणाऱ्याला ढोलीत बसवून ढोलीचे तोंड चिखलाने लिंपत. एक फट तेवढी उरे. तिच्यातून धनेश स्वतः उंबरे भरवी. "मी कुणाला उपाशी ठेवत नाही," तो म्हणे, आणि ते खरे होते. गाणे मात्र त्याने कधीच ऐकले नव्हते. त्याची गरजच काय? "माझा एक निकाल चुकला, तर सगळ्या ढोल्या मीच फोडीन," असे त्याने रानाला सांगून ठेवले होते.

तांबट पक्षी दोन पावसाळे ढोलीत होता. त्याचे गाणे म्हणजे नुसते टुक, टुक, टुक. साळुंकी पहिला सूर त्याच्याकडूनच शिकली होती. तिला कुणाचेही गाणे हुबेहूब गाता येई. तांबटाची ओळ निकालाला आली, तेव्हा तिने ती तीन दिवस मनातल्या मनात गाऊन पाहिली होती.

"संपलं का?" धनेशाने विचारले होते.

"अजून नाही."

"म्हणजे संपणारच नाही."

"अजून नाही, एवढंच म्हणाले मी."

पण चिखल लिंपला गेला. आता फटीतून तांबटाचा आवाजही नीट येईना.

साळुंकी खडकावरच्या फांदीवर बसू लागली. धनेशाचे ठोके, त्याचे वळणे, त्याचे खाकरणे, एकेक करून तिने सारे गळ्यात उतरवले. धनेशाचा निकाल हेही एक गाणेच होते आणि तेही गुंजांत मावत होते. एका सकाळी तिने आपली ओळ मांडली. ती खडकाला वेढे घालत खाली मातीपर्यंत गेली.

सातभाई पक्षी नेहमीप्रमाणे सातही आले. "अगं बाई, गाणं मांडलंस की रानाची हद्द आखलीस?"

"काय आहे यात?" धनेश म्हणाला.

"तुम्हीच आहात, धनेशराव. या ओळीवर तुम्ही जसा निकाल द्याल, तसाच मी आधी गाईन, शेवटच्या ठोक्यापर्यंत. त्यात 'संपेल' निघालं, तर गातच राहीन. 'संपणार नाही' निघालं, तर चोच मिटेन. एकच मागणं आहे. निकालानंतर मला सगळ्यांसमोर एकदा गाऊ द्या."

सातभाई हसले. मग एकेकाचे हसणे थांबले.

"ढोलीत जाशील," धनेश म्हणाला.

"तांबटदादांच्या शेजारची रिकामी आहे. पाहून आलेय."

धनेश चालू लागला. खडकाची सावली एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली, तेव्हा तो थांबला.

"संपणार नाही."

साळुंकीने गळा उघडला. तिच्यातून धनेश बाहेर पडला, तेच ठोके, तेच खाकरणे, तीच वळणे. अवघे रान ऐकत होते. शेवटी धनेशाच्याच आवाजात ती म्हणाली, "संपणार नाही." आणि तिने चोच मिटली.

"संपलं की," सातभाईंतला धाकटा म्हणाला.

धनेश पुन्हा गुंजांकडे वळला. "आणि मी 'संपेल' म्हणालो असतो तर?"

"तर अजून गात असते. तरीही तुम्ही चुकलाच असता."

पंखांचा मोठा आवाज करीत धनेश थेट ढोल्यांकडे गेला आणि चिखलाचा पहिला खपला त्याने आपल्याच चोचीने पाडला. मग साऱ्या रानाच्या चोची चालल्या. ढोलीमागून ढोली उघडली आणि कितीतरी पाखरे डोळे मिचकावत उन्हात आली.

तांबट सर्वांत शेवटी आला. उघड्या फांदीवर बसला, अंग झाडले आणि गाऊ लागला. टुक. टुक. टुक. साळुंकीने एक ठोका मागे राहून साथ धरली. धनेश त्यांच्याशेजारी येऊन बसला आणि मोठी चोच तिरकी करून पुढच्या टुकची वाट पाहू लागला.