कुलपातलं घर

"अकरा वर्षं झाली! माझा नंबर लागायचा तरी कधी?" गोजरा बुरडीण कचेरीत कडाडली.

सूपं-टोपल्या विणणारी गोजरा म्हाताऱ्या सासूला घेऊन देवळाच्या ओसरीत राहत होती. राजधानीपासून तीन दिवसांच्या वाटेवरच्या सावरगावात राजानं बेघरांसाठी चाळीस घरं बांधली होती. घरांना कुलपं लागली, कचेरीत यादी लागली आणि यादी तिथंच मुरली. कारभारी भिकाजीपंतांचं उत्तर ठरलेलं : "नंबर लागला की कळवू."

आज मात्र खुद्द राजे हैबतराव दौऱ्यावर आले होते आणि लोडाला टेकून ऐकत होते.

"म्हाराज, वळीतलं शेवटचं घर रिकामं हाय," गोजरा म्हणाली.

"साफ खोटं!" पंत उसळले. "तिथं माझा मेव्हणा राहतो, बायको आणि तीन पोरांसकट. आज सकाळीच कुलूप लावून जत्रेला गेलेत."

राजाला जेवणाची घाई होती. "बाई, रिकामं आहे हे सिद्ध कर. पण दार उघडायचं नाही, आत डोकवायचं नाही, शेजाऱ्यांना विचारायचं नाही! जमलं तर घर तुझं. नाही जमलं तर तुझं नाव यादीच्या तळाला!"

तळाला म्हणजे सासूच्या हयातीत छप्पर नाही. पण बांबू घेऊन ती रोज त्याच ओळीवरून जायची, आणि डोळे काही मिटून जायची नाही.

"म्या दाराला हात बी लावत न्हाई," ती म्हणाली. "पंतांनी नुसती कचेरीतली किल्ली कुलपाला लावावी."

सगळी वरात त्या घराशी गेली. पंतांनी किल्ली लावली. जाईना! दाबली, फिरवली, तिला शिव्या घातल्या. राजानं वाकून पाहिलं, तर किल्लीच्या भोकात कुंभारमाशीनं चिखलाचं घर बांधलेलं! थरावर थर, वाळून विटेसारखे टणक.

"आता सांगा पंत," गोजरा म्हणाली, "पाच माणसं रोज आत-भाईर करत्यात, ती काय कौलांतनं?"

राजा खो खो हसला. "काय गं, या माशीचा यादीत कितवा नंबर होता?"

"तिनं अर्जच केला न्हाई, म्हाराज! केला असता तर तिची पणतवंडं बी अजून ओसरीतच असती!"

हसता हसता राजाची पगडी कानावर आली. कुलूप फोडून घर तिथल्या तिथं गोजराला मिळालं, आणि उरलेली एकोणचाळीस कुलपं तपासायचं कामही. "पंतांचं सरकारी घरही बेघरांना देऊन टाका!" राजानं फर्मावलं.

"मग मी राहू कुठं?" पंत रडवेले झाले.

सासूला हात धरून उंबऱ्याच्या आत घेता घेता गोजरा वळली. "अर्ज करा, पंत. नंबर लागला की कळवू!"